साखळी किती सोडली?

गेल्या अंकात मी आमच्या ‘तिरफळ’बद्दल लिहिलं, आणि संपादकांनी परवा पत्रांच्या गठ्ठ्याचे फोटो काढून पाठवले. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘तिरफळ’ ही ३७ फुटांची, एका डोलकाठीची, १९८९ साली बांधलेली शिडाची बोट. मी वेंगुर्ल्याची, २४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. नवरा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होता. तो निवृत्त झाल्यावर मलेशियाच्या लंकावी बेटावर ही जुनी बोट घेतली. गेली तीन वर्षं लंकावी ते थायलंडचा फांग-न्गा उपसागर एवढ्याच किनाऱ्यावर आमचा संसार चाललाय.

सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही. आत्ता तेलागा बंदराच्या बाहेर, माचिंचांग डोंगराखाली नांगरावर आहोत. टेबलावरचा कप जागच्या जागी आहे, म्हणजे वारा नाही. तोवर लिहून घेते.

बाई, तुम्ही रोज नव्या बेटावर जाता का? सलग किती दिवस जमीन दिसत नाही? – बी.एस्सी.चा विद्यार्थी, चिपळूण

निराशा होईल तुझी. जमीन दिसत नाही असा दिवस या किनाऱ्यावर शोधावा लागतो. लंकावी म्हणजे एक बेट नव्हे, ९९ बेटांचा पुंजका. ओहोटीला आणखी चार-पाच खडक डोकं वर काढतात, त्यांनाही कोणी बेट म्हणतं. थायलंडचं लिपे बेट इथून सुमारे ३० सागरी मैल. आमची बोट ताशी पाच मैल जाते, म्हणजे सहा तास, आणि त्या सहा तासांत कुठला ना कुठला डोंगर समोर असतोच.

मला वहीत नोंदी ठेवायची खोड आहे. मागच्या मोसमात, डिसेंबर ते एप्रिल, आम्ही १३१ दिवस बोटीवर होतो. त्यांपैकी शीड वर चढलं २९ दिवस. उरलेले १०२ दिवस बोट दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी साखळीभोवती गोल फिरत होती. माझी आई अजून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, ‘काय गो, जमिनीर पाय लागले काय आज?’ लागतात. भाजी आणायला लागतातच.

अंघोळ, धुणं, भांडी… सगळीकडे पाणीच पाणी, पण खारं. गोड पाणी पुरवता कसं? – गृहिणी, कोल्हापूर

हा प्रश्न एकूण अकरा जणींनी विचारलाय. पुरुष एकही नाही.

आमच्या टाक्यांत ३५० लिटर मावतं. दोघांचा रोजचा खर्च १८ लिटर: सहा पिण्याचं आणि स्वयंपाकाचं, चार भांड्यांचा शेवटचा हात, सहा अंघोळीचं, दोन इकडचं तिकडचं. भागाकार केलात तर १९ दिवस येतात. पण विसाव्या दिवसाची वाट कोणी बघू नये. आम्ही चौदाव्या दिवशीच २० लिटरचे कॅन घेऊन छोट्या रबरी होडीने नळ शोधायला निघतो.

अंघोळीची रीत सांगते. आधी समुद्रात उडी. मग मागच्या शिडीवर बसून शांपू लावायचा, अंगालासुद्धा. साबणाची वडी खाऱ्या पाण्यात फेस देत नाही, नुसता चिकट साका होतो; शांपू देतो. पुन्हा उडी. आणि शेवटी गोड पाणी, माणशी तीन लिटर. ते कशाने घ्यायचं? तुमच्याकडे उसावर, भाजीवर मारतात तो फवारणीचा पंप! कोरा करकरीत घ्यायचा, औषध कधी न भरलेला. सकाळी भरून उन्हात ठेवला की संध्याकाळी पाणी कोमट. बारीक तुषार येतात, अंगावरचं मीठ नीट निघतं आणि तीन लिटर संपता संपत नाहीत. मीठ निघालं नाही तर रात्री कळतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, तुम्ही अंथरुणावर पडता आणि चादर तुम्हाला चिकटते. कपड्यांचंही तेच. खाऱ्या पाण्यात धुतलेला टॉवेल उन्हात कडक होतो आणि सूर्य मावळला की पुन्हा ओला.

पाऊस आला की मात्र सण. दोऱ्यांवर ताणलेली आमची ताडपत्री सहा चौरस मीटरची. एक इंच पाऊस पडला की दीडशे लिटर होतात, करून बघा हिशेब. पहिली पाच मिनिटं पाणी सोडून द्यायचं, कारण ताडपत्रीवरही मीठ असतं आणि पक्ष्यांनी केलेली रांगोळी असते. मग नळी थेट टाकीत. अशा दिवशी मी केस धुते, चादरी धुते, आणि नवऱ्याला त्याचे ऑइलचे शर्ट बाहेर काढायला लावते.

समुद्राचं पाणी गोड करायचं यंत्र आता पुष्कळ बोटींवर असतं. पंचावन्न-साठ बार दाबाने पाणी एका पडद्यातून ढकलायचं, मीठ मागे राहतं. वीज खातं आणि गढूळ बंदरात चालवता येत नाही. नवऱ्याला हवंय. मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणते, हे तिसरं वर्ष.

विचारायला संकोच वाटतो, पण बोटीवर संडासाची व्यवस्था काय असते? – एक वाचक, सातारा

संकोच कसला, बोटीवर पहिल्या तासात पाहुण्याला हेच शिकवतात. छोटं कमोड, शेजारी हातपंप. पंधरा-वीस वेळा हलवायचा. खाली बोटीच्या बुडाला एक झडप असते, ती वापरल्यावर बंद करायची. झडप उघडी राहून आणि नळी सुटून बोटी बुडाल्याची उदाहरणं आहेत. नांगरावर असताना सगळं टाकीत जातं आणि टाकी किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात मोकळी करायची. कागद आत टाकायचा नाही. एका पाहुण्याने टाकला होता. माझा नवरा जहाजाची दहा हजार अश्वशक्तीची इंजिनं खोलून बसलेला माणूस, पण त्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून तो जे बोलला ते इथे छापता येणार नाही.

रात्री झोप कशी लागते? वादळ आलं तर? त्सुनामी? – सेवानिवृत्त तलाठी, सांगली

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, पण झोपेचं उत्तर एका गुणाकारात आहे.

नांगराने बोट धरून ठेवण्यात वजनाचा भाग कमी आणि तळाच्या चिखलात फाळासारखं रुतण्याचा जास्त. रुतलेला तो तोवरच राहतो, जोवर ओढ आडवी असते. गुरं बांधायचा खुंटा आठवा. आडवा ओढला तर हलत नाही, वर उपटला तर हातात येतो. साखळी आखूड सोडली की वाऱ्याबरोबर बोट मागे जाते, साखळी तिरकी उभी होते आणि नांगर उपटला जातो. म्हणून नियम असा की खोलीच्या पाचपट साखळी सोडायची.

आता गंमत ‘खोली’ या शब्दात आहे. समजा, यंत्र ६ मीटर दाखवतंय. नवशिका तीस मीटर सोडतो आणि जेवायला बसतो. पण आत्ता ओहोटी आहे. इथे उधाणाला पाणी तीन मीटर चढतं, म्हणजे खोली ९. साखळी तळापासून पाण्यापर्यंत नव्हे, तळापासून बोटीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत जाते, ते पाण्याच्या दीड मीटर वर. एकूण साडेदहा. गुणिले पाच, साडेबावन्न. माझे विद्यार्थी अर्धा सोडून द्यायचे, मी वर चढवून ५५ करते. तीस मीटरवाल्याची मध्यरात्री भरती आल्यावर तीनपटही उरत नाही. आणि या किनाऱ्यावर वारा मध्यरात्रीनंतरच उठतो.

त्याला इथे ‘सुमात्रा’ म्हणतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर आणि सुमात्रा बेटाच्या बाजूला रात्री ढगांची एक लांबलचक फळी तयार होते, आणि पहाटेच्या सुमारास ती पूर्वेकडे येऊन किनाऱ्यावर आदळते. एप्रिल ते नोव्हेंबर हा तिचा काळ. तासाभराचा खेळ, पण वारा चाळीस-पन्नास नॉटपर्यंत, म्हणजे ताशी तितके सागरी मैल जातो. मोठी चक्रीवादळं इथे जवळपास येतच नाहीत. लंकावी जेमतेम सहा अंश उत्तरेला, आणि विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ वाऱ्याला पुरेसा मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. लंकावीच्याच कुआह शहरासमोर नांगर टाकला होता. आजूबाजूला बोटी दाट होत्या, मला बाजारातून आल्याचा शीण होता, आणि मी ३५ मीटरवर थांबले. पुढे काय झालं ते ओळखलं असेलच. पहाटे पावणेचारला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. रात्रभर बोटीच्या कडेला चुळुकचुळुक करणारं पाणी गप्प झालं होतं. वर आले तर पश्चिमेकडून गार वाऱ्याची झुळूक आणि मातीचा वास, भर समुद्रावर. आकाशात एक काळी कमान, तिच्या पोटात वीज. मी हाक मारेपर्यंत वाऱ्याचा आकडा ८ वरून २७ झाला होता, मग ४३. बोट एका कुशीवर कलली आणि फोनवरचा नांगराचा भोंगा वाजायला लागला, म्हणजे आम्ही ठरलेल्या वर्तुळाबाहेर सरकत होतो.

नवरा नाळेवर, मी सुकाणूवर. पाऊस आडवा, डोळे उघडता येत नव्हते. इंजिन पुढे टाकून साखळीवरचा ताण फक्त हलका करायचा होता. जास्त रेस केली तर बोट साखळीवर चढते, कमी केली तर नांगर ओढत नेते. नवरा टॉर्च वर धरायचा तेव्हा पुढे, खाली धरला की सोड, आणि वीज चमकली की दोन्ही दिसेनासं व्हायचं. चाळीस मिनिटं. उजाडलं तेव्हा आम्ही साठ मीटर मागे होतो आणि आमच्या मागे वीस मीटरवर मासे पाळायच्या तरंगत्या पिंजऱ्यांची रांग होती. पिंजऱ्यांवरचा राखणदार विडी ओढत आमच्याकडे बघत होता.

नवऱ्याने चहा टाकला. कप माझ्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, ‘साखळी किती सोडली होतीस?’

आता तो प्रश्न घरातला झालाय. कांदे किती घ्यायचे, गॅसचा सिलिंडर किती उरलाय, काहीही विचारलं की दुसरा म्हणतो, आधी सांग, साखळी किती सोडली?

विजेचं राहिलं. कडकडाट सुरू झाला की दोन्ही फोन आणि हातातलं जीपीएस ओव्हनमध्ये ठेवते. धातूच्या पेटीत ती वाचतील अशी आशा. एकदा ते विसरून मी ओव्हन तापवायला घेतला होता, पण तो विषय नको.

आणि त्सुनामी. २६ डिसेंबर २००४ला आम्ही इथे नव्हतो. तेलागा आणि रेबाक या बंदरांत बांधलेल्या बोटींचं बरंच नुकसान झालं, धक्के उखडले. खोल पाण्यात असलेल्यांना मात्र लाट खालून गेल्याचं जेमतेम जाणवलं. त्यामुळे इशारा आला तर बोटीने किनाऱ्याकडे नव्हे, किनाऱ्यापासून दूर पळायचं. पायी असाल तर डोंगराकडे.

कोकम, तिरफळं, भाकरी यांचं काय करता? बांगडा मिळतो का? – मूळ म्हापशाचे, आता ठाणे

बोटीचं नावच तिरफळ ठेवलंय यावरून ओळखा. रेडिओवर ते सांगताना दर वेळी फजिती होते. समोरचा तीनदा विचारतो, मग मी ‘टँगो, इंडिया, रोमिओ, पापा, हॉटेल, आल्फा, लिमा’ असा पाढा म्हणते आणि तो थकून ‘ओके, मॅडम’ म्हणतो.

बांगडा भरपूर. त्याला इथे ‘कंबुंग’ म्हणतात, सुरमईला ‘तेंगिरी’. कोकमं फेब्रुवारीत संपली तेव्हा कुआहच्या बाजारात एका बाईने वाळवलेल्या तपकिरी चकत्या हातावर ठेवल्या: ‘आसाम कपिंग’. जिभेला लावली आणि मी तिथेच हसले. कोकमाच्याच कुळातलं फळ आहे ते. आंबटपणा थेट ओळखीचा, रंग मात्र येत नाही. कालवण पांढुरकंच राहतं, नवरा त्याला ‘सुतकातलं तिवळ’ म्हणतो.

भाकरी फक्त नांगरावर. आमची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली आहे, बोट कलली तरी ती सरळ राहते. त्यामुळे तवा सरळ आणि मी तिरकी. चालत्या बोटीत कुकर आणि खिचडी. कुकरसारखं भांडं बोटीवर दुसरं नाही, पडला तरी झाकण निघत नाही. गोऱ्या शेजाऱ्यांना शिट्टीची भीती वाटायची, आता दोघांनी पेनांगहून मागवलेत.

पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर घेत नाही. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. सगळं सामान रबरी होडीतच पिशव्यांत ओतून घ्यायचं. अंडी न धुतलेली घ्यायची आणि दर तीन दिवसांनी उलटायची, फ्रीजशिवाय तीन आठवडे सहज टिकतात. कोबी, भोपळा, कांदा हे खरे खलाशी. पालक दुसऱ्या दिवशी राजीनामा देतो.

समुद्रात चाचे असतात का? तुम्ही पाहिलेत का? माझं वय ९. – ठाणे

मी पाहिले नाहीत. पण चाच्यांचं बेट पाहिलंय, आणि ही गोष्ट खरी आहे.

लंकावीच्या उत्तरेला तारुताओ नावाचं मोठं, जंगलाने भरलेलं बेट आहे. १९३०च्या दशकाच्या शेवटी थायलंडच्या सरकारने तिथे कैद्यांना ठेवायला सुरुवात केली. अंदमानात आपल्याकडे होतं ना, तसंच. मग दुसरं महायुद्ध आलं आणि बेटावर धान्य, औषध येईनासं झालं. तेव्हा कैदी आणि त्यांचे पहारेकरी, दोघे मिळून चाचे झाले! जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना लुटायचे. १९४६ साली ब्रिटिशांनी येऊन त्यांचा बंदोबस्त केला. १९७४पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे.

आता तिथले चाचे म्हणजे माकडं. आम्ही किनाऱ्यावर फिरायला गेलो आणि रबरी होडीत बिस्किटांची पिशवी राहिली. परत आलो तर एक माकड होडीच्या नाळेवर पाय सोडून बसलं होतं आणि दुसरं इंजिनाचं झाकण उघडायचा प्रयत्न करत होतं.

३७ फुटांत दोघं, चोवीस तास. भांडण झालं तर जाता कुठे? – नाव नको, पुणे

कुठेही नाही, तीच तर अडचण. आपटायला दारसुद्धा नाही, पडदा आहे. पडदा आपटून बघा कधी.

नवऱ्याच्या हाताखाली इंजिन रूममध्ये वीस माणसं असायची. इथे त्याच्या हाताखाली तीस अश्वशक्तीचं एक इंजिन आणि मी. दोघींनीही सुरुवातीला त्याचं ऐकलं नाही. पहिल्या वर्षी नांगर टाकताना आम्ही एकमेकांवर इतकं ओरडायचो की शेजारच्या बोटींवरचे लोक खुर्च्या मांडून बसायचे. आता तोंड बंद, हाताच्या खुणा. मूठ म्हणजे थांब, बोट फिरवलं म्हणजे साखळी सोड. आणि एक नियम आहे, सुकाणूवर जो असेल त्याचा शब्द शेवटचा, चूक असला तरी. वाद नंतर, जेवण झाल्यावर घालायचा. जेवणानंतर पुष्कळदा दोघांच्याही लक्षात राहत नाही.

वय ६२. पेन्शन आहे, फ्लॅट विकून अशी बोट घ्यावी म्हणतो. दिलीप दोंदे यांचं वाचल्यापासून डोक्यात आहे. – नाशिक

फ्लॅट विकू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

दोंदेंनी २००९-१०मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ५६ फुटांची बोट, गोव्यात बांधलेली, पाठीशी नौदल आणि कित्येक महिन्यांची तयारी. आपण बेटाबेटाने उड्या मारणारे, आपली तुलना फार तर एस.टी.च्या थांब्यांशी.

बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी डागडुजीला धरा, असं जुने लोक सांगतात. जुन्या बोटीला मी पंधरा म्हणेन. खाऱ्या पाण्यात काहीही शांत बसत नाही. बुडाला शिंपल्यांचा थर चढतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून खास रंग लावावा लागतो. आमचा गेल्या वर्षी एका कारखान्याने लावला. नाव लिहीत नाही. जुना थर नीट घासलाच नव्हता, वरून दोन हात मारून मोकळे झाले. चार महिन्यांत पापुद्रे सुटले आणि ताशी पाच मैलांची बोट साडेतीनवर आली. मी श्वास रोखून, हातात पातेलं खरवडायचा उलथना घेऊन बुडाखाली जायची. विचारायला गेलो तर ‘समुद्र गरम आहे, मॅडम’ हे उत्तर मिळालं.

आधी मुंबईला किंवा गोव्याला शिडाच्या होडीचं प्राथमिक शिक्षण घ्या, छोट्या होडीत, उलटेपर्यंत. मग कोणाच्या बोटीवर दोन आठवडे खलाशी म्हणून राहा, पाहुणे म्हणून नव्हे. संडासाचा पंप खोलून बसवा. त्यानंतरही हौस टिकली तर मला लिहा, कोणत्या बोटी बघू नयेत ते सांगेन.

ताई, माझे बाबा आणि दोन्ही भाऊ मासेमारीच्या बोटीवर असतात. हौसेने कोणी समुद्रावर राहायला जातं हे वाचून घरात हसू झालं. शिवाय तुम्ही लिहिलंत की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि ‘तेच तिकडेही चालतं’. बाबा म्हणतात, तिकडे चालायचं नाही. – अलिबागजवळून

बाबांचं बरोबर आहे. आणि मला हे ते वाक्य लिहिण्याआधी कळायला हवं होतं, कारण त्याची शिक्षा मी भोगून झाले होते. लिहिताना जुन्या वहीवरून उतरवलं.

पाऊणपटीचं गणित मुंबई-कोकण किनाऱ्याचं. चंद्र सगळीकडे तोच, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते हेही सगळीकडे तेच. पण चंद्र डोक्यावर आल्यावर पाणी किती वेळाने चढायचं हे प्रत्येक बंदराच्या आकारावर आणि खोलीवर ठरतं. गणिताच्या बाईने सूत्र बघितलं आणि स्थिरांक विसरली.

फांग-न्गा उपसागरात चुनखडीची उभ्या कड्यांची बेटं आहेत. त्यांच्या पोटात पोकळ्या होत्या, त्यांचं छप्पर कोसळून आत आकाश उघडं पडलं. थाई भाषेत त्यांना ‘हाँग’ म्हणतात, म्हणजे खोली. आत जायला एखादीच गुहा असते, आणि तिच्यातून ओहोटीलाच जाता येतं. पनाक बेटाच्या अशा एका हाँगमध्ये आम्ही प्लॅस्टिकच्या दोन होड्या वल्हवत गेलो. दिवस षष्ठीचा. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारला, ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. दहाला शिरलो, बाराला बाहेर पडायचं ठरलं.

गुहेत उताणं झोपून, छताला हात लावत होडी सरकवायची. छताला कालवं चिकटलेली, धारदार. वटवाघळांचा वास. मग एकदम उजेड, चारी बाजूंनी कडे, मधे हिरवं पाणी, कांदळवन, आणि चिखलात टणटण उड्या मारणाऱ्या निवट्या. अगदी आपल्या खाडीतल्या! मी त्यांच्याकडे बघत राहिले. इथली ओहोटी तासाभरापूर्वीच होऊन गेली होती. बाराला परत आलो तर गुहेच्या तोंडाशी एक वीत फट उरली होती. नाक घासून जाईल इतकी, पण गुहा मधे आणखी खाली उतरते. सहा तास तिथेच बसलो. एक बाटली पाणी आणि दोन चिक्क्या. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा निवट्या पुन्हा बाहेर आल्या. आता मी बंदराचा छापील तक्ता बघते, तिथी फक्त आईशी बोलताना.

हसण्याबद्दल. हसा, मला राग नाही. आमची साखळी सुटली तर बोट जाईल; तुमच्या घरी बोट गेली तर वर्ष जातं. इथल्या मच्छीमारांपुढेही मला हे रोज जाणवतं. रात्री क्षितिजावर माकुळ (स्क्विड) पकडणाऱ्या बोटींचे हिरवे दिवे लागतात, इतके की गाव वसल्यासारखं वाटतं, आणि पहाटे ती माणसं झोपायला निघतात तेव्हा मी कॉफी घेऊन ‘छान सूर्योदय’ बघत असते. जहाजाच्या मुख्याला मलय भाषेत ‘नाखोदा’ म्हणतात, आपल्या नाखव्याचा सख्खा भाऊ. मोसमाला ‘मुसिम’. म्हणजे आपले आणि यांचे लोक एकाच वाऱ्यावर कधीपासून ये-जा करत असणार. मला कोणी नाखोदा म्हणत नाही. ‘काकाक’ म्हणतात, ताई.

आदांग बेटापाशी आमचा नांगर वाळूत टाकला होता, तो रात्रीत सरकून खडकाखाली अडकला. सकाळी दोन तास इंजिन लावून ओढला, हलेना. लिपे बेटावरचा उराक लावोइ जमातीचा एक म्हातारा लांब शेपटीच्या होडीतून आला. काही बोलला नाही. आमच्या साखळीत त्याची दोरी अडकवली, होडी आमच्या मागच्या अंगाला नेली, आम्ही ओढत होतो त्याच्या बरोब्बर उलट, आणि एक हलका झटका दिला. सुटला. पैसे घेईना, दोन किलो कांदे घेतले.

तेव्हापासून नवरा म्हणतो, नांगराच्या डोक्याला आधीच दुसरी दोरी बांधून वर बोया, म्हणजे तरंगता गोळा सोडावा, म्हणजे उलटा ओढता येईल. मी म्हणते, ओहोटीला ती दोरी सैल पडून आपल्याच इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात गुंतेल. बाबांना विचारून एवढं कळवशील का? खडकाळ जागी ते बोया सोडतात की नाही, आणि सोडत असतील तर दोरी भरतीच्या पाण्याला मोजून ठेवतात की ओहोटीच्या?